‘मी’ कुठे उभा? : एका मीमच्या तीन पाट्या

चित्रात तिघं आहेत. रस्ता कुठल्याशा युरोपीय शहरातला. मध्ये निळ्या चौकड्यांच्या शर्टातला तरुण. त्याने प्रेयसीचा हात धरला आहे, पण मान मागे वळवली आहे आणि ओठांचा चंबू करून तो नुकत्याच बाजूने गेलेल्या मुलीकडे पाहतो आहे. ती मुलगी लाल कपड्यांत, चित्राच्या डाव्या बाजूला, आपल्या सर्वांत जवळ आणि म्हणून धूसर. उजवीकडे प्रेयसी. तिचं तोंड उघडं राहिलं आहे आणि नजर तरुणाच्या चेहऱ्यावर खिळली आहे.

मोबाइल वापरणाऱ्या बहुतेकांनी हे छायाचित्र कधी ना कधी पाहिलेलं असतं, आणि बहुधा कोरं पाहिलेलं नसतं. तिघांच्या अंगावर तीन पाट्या असतात. तरुणावर ‘मी’, प्रेयसीवर ‘अर्धवट वाचलेलं पुस्तक’, लाल कपड्यांतल्या मुलीवर ‘काल मागवलेलं पुस्तक’. झाला विनोद. इंग्रजीत या मीमला ‘डिस्ट्रॅक्टेड बॉयफ्रेंड’ म्हणतात. मी या लेखापुरतं त्याला ‘मान वळवलेला’ म्हणेन.

मी भाषाशास्त्र वर्गात बसून शिकलेलो नाही. मोरो केशव दामले यांचं व्याकरण, अलंकारांवरची जुनी पुस्तकं आणि मिळतील ती इंग्रजी पुस्तकं एवढीच माझी शिदोरी. तिच्या जोरावर काही वर्षं या एका चित्रावरच्या पाट्या वहीत उतरवून घेतो आहे. प्रश्न साधा आहे. चित्र तेच, माणसं तीच, जागा तीनच. मग शंभरातल्या पाच-सात पाट्यांनाच हसू का येतं, आणि एखादी पाटी हसवून झाल्यावर बोचत का राहते? माझ्या मते याचं उत्तर लिहिणाऱ्याने ‘मी’ कुठे उभा केला आहे, यात सापडतं. तिथवर टप्प्याटप्प्याने जाऊ.

चित्राची जन्मकथा

हे छायाचित्र अंतोनियो गिलेम या स्पॅनिश छायाचित्रकाराने २०१५ साली कातालोनियातल्या जिरोना शहरात काढलं. तिघंही मॉडेल. ही ‘स्टॉक’ छायाचित्रं असतात, म्हणजे जाहिरातवाल्यांना, मासिकांना पैसे मोजून वापरता यावीत म्हणून आधीच काढून ठेवलेली. अशा प्रत्येक छायाचित्राला एक वर्णन जोडावं लागतं, म्हणजे शोधणाऱ्याला ते सापडतं. या चित्राचं मूळ वर्णन मराठीत साधारण असं होईल : प्रेयसीबरोबर चालताना दुसऱ्या मोहक मुलीकडे थक्क होऊन पाहणारा बेइमान पुरुष. म्हणजे चित्राची पहिली ओळ छायाचित्रकाराच्या बाजूनेच लिहिली गेली होती. त्या ओळीत सगळं सांगितलं आहे. वाचणाऱ्याला करायला काही उरलेलं नाही. म्हणून ती अचूक आहे आणि तिला हसू येत नाही.

२०१७ च्या सुरुवातीला तुर्कस्तानातल्या एका संगीतप्रेमी फेसबुक गटावर या तिघांना पहिल्यांदा नावं मिळाली, असं मीमचा मागोवा घेणारे सांगतात. तरुण झाला गायक फिल कॉलिन्स, प्रेयसी झाली त्याचं मूळचं प्रोग्रेसिव्ह रॉक आणि लाल कपड्यांतली मुलगी झाली पॉप. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तरुणावर ‘तरुण पिढी’, प्रेयसीवर ‘भांडवलशाही’ आणि लाल कपड्यांवर ‘समाजवाद’ अशी पाटी फिरली आणि मग धरणच फुटलं. २१ ऑगस्टला अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण होतं. लगेच तरुणाच्या जागी ‘मी’, लाल कपड्यांवर ‘ग्रहण’ आणि प्रेयसीवर उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहू नये असं सांगणारा ‘शास्त्रीय पुरावा’ आला. गिलेमने तेव्हा वार्ताहरांना सांगितलं, की मीम म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नव्हतं.

‘मीम’ हा शब्द मात्र जुना आहे. रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली ‘द सेल्फिश जीन’मध्ये तो घडवला. ग्रीक शब्द छाटून, ‘जीन’शी यमक जुळेल असा. एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात नकलेने पसरणारी कुठलीही गोष्ट त्यांना अभिप्रेत होती. एखादी चाल, एखादी लकब, एखादी फॅशन. इंटरनेटवरच्या मीमचा अभ्यास करणाऱ्या लिमोर शिफमन यांनी २०१४ च्या पुस्तकात महत्त्वाची भर घातली. त्यांच्या मते इंटरनेटवरचं मीम हे एक चित्र नसून एकमेकांची जाणीव ठेवून केलेल्या चित्रांचं कुटुंब असतं. पाटी लिहिणारा आधीच्या पाट्या वाचलेला असतो आणि वाचणाराही. आपण एकटे विनोद करत नाही, चालू बैठकीत आपलं पान टाकतो.

समस्यापूर्ती आणि सांगरूपक

हा खेळ आपल्याला परका नाही. संस्कृत कवींच्या दरबारी समस्यापूर्ती चालायची. श्लोकाचा एक चरण दिला जाई, बहुधा विचित्रच, आणि उरलेले चरण रचून त्याला अर्थ द्यायचा. दिलेला चरण बदलायचा नाही. कस लागायचा तो त्या न बदलणाऱ्या चरणाला अनपेक्षित पण चपखल संदर्भ देण्यात. ‘मान वळवलेला’ हा असाच दिलेला चरण आहे. अमेरिकेतलं ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिक २००५ पासून दर आठवड्याला ओळ नसलेलं व्यंगचित्र छापून वाचकांकडून ओळ मागवतं, तीही एका परीने समस्यापूर्तीच. फरक एवढाच, की तिथे दर वेळी चित्र नवं असतं. इथे वर्षानुवर्षं चित्र तेच आणि पूर्ती अगणित.

पाट्यांचं काम कसं चालतं हे सांगायला आपल्या अलंकारशास्त्राइतकी सोयीची भाषा मला दुसरी सापडली नाही. मुखाला चंद्र म्हटलं की रूपक. त्या रूपकाची अंगंही जुळवत नेली, म्हणजे संसाराला सागर, दुःखाला लाटा आणि गुरूला नावाडी म्हटलं, की सांगरूपक. आपले संतकवी यात पारंगत होते. ‘मान वळवलेला’ हे तीन अंगांचं सांगरूपक आहे. उपमानं चित्राने पक्की करून ठेवली आहेत. बांधलेला पण ढळलेला, विश्वास ठेवलेली, आणि नुसतीच जवळून गेलेली. लिहिणाऱ्याने फक्त तीन उपमेयं आणायची. त्यांचे आपसातले संबंध चित्रातल्या संबंधांसारखेच असावे लागतात. एक अंग निसटलं की रूपक लंगडतं आणि विनोदही.

मीम म्हणजे चित्राच्या वर एक ओळ आणि खाली एक ओळ, असा एक आधीचा साचा होता. जाड, पांढरी, काळ्या कडेची अक्षरं. ती ‘इम्पॅक्ट’ नावाच्या टंकातली, जो जेफ्री ली यांनी १९६५ साली छापील जाहिरातींसाठी बनवला होता. मांजरांच्या चित्रांवर मुद्दाम मोडक्या इंग्रजीतल्या ओळी लिहायची लाट २००७ च्या सुमारास आली, ती याच अक्षरांत. त्या साच्यात वरची ओळ अपेक्षा तयार करते आणि खालची ती मोडते. आपल्या चुटक्याचीच ही रचना आहे. तीन पाट्यांच्या साच्यात मात्र ‘आधी’ आणि ‘नंतर’ नाही. नजर आधी तरुणाच्या चेहऱ्यावर जाते, मग प्रेयसीच्या, मग लाल रंगावर, किंवा उलटी. क्रम लिहिणाऱ्याच्या हातात नसतो. म्हणून इथला विनोद शेवटच्या शब्दावर फुटत नाही. तिन्ही पाट्या मनात एकत्र आल्या की एकदम उलगडतो.

पाटी कशी लिहावी

माझ्या वहीतून चार-पाच गोष्टी हाती लागल्या. उदाहरणं माझीच देतो, म्हणजे कुणावर अन्याय नको.

पहिली गोष्ट व्याकरणाची. पाटीत क्रियापद नको आणि विभक्तीही नको. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि सगळ्यांना ओवून घेतं. इथे ते काम चित्र करतं. ‘ला सोडून’ आणि ‘कडे पाहतो’ हे दोन्ही संबंध मान आणि हात यांनी आधीच सांगितले आहेत. लाल कपड्यांवर ‘चौथ्या करंजीकडे’ असं लिहिलं तर चित्राने एकदा सांगितलेलं आपण पुन्हा सांगतो. ‘चौथी करंजी’ एवढंच हवं. नाम प्रथमेतच राहू द्यावं. त्याचं सामान्यरूप चित्र करून घेतं. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार लागतात, त्यामुळे बारीक अक्षरात लांब पाटी वाचताही येत नाही. दोन-तीन शब्द ही मर्यादा लिपीनेच घालून दिली आहे. पुणेरी पाटी लिहिणाऱ्यांना हे शिकवावं लागणार नाही.

दुसरी गोष्ट नेमकेपणाची. करंजीचंच उदाहरण पुरं करू.

तरुण : दिवाळीतला मी. प्रेयसी : डॉक्टरांनी दिलेला आहाराचा तक्ता. लाल कपड्यांतली : चौथी करंजी.

‘गोड पदार्थ’ लिहून हसू येत नाही. ‘करंजी’ने ओठ हलतात. ‘चौथी’ने काम होतं, कारण त्या एका शब्दात आधीच्या तीन करंज्यांचा इतिहास आहे आणि तो वाचणाऱ्याने स्वतः मोजलेला आहे. पाटीतला विनोद नेहमी असा न लिहिलेल्या भागात असतो.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त चुकते. प्रेयसीच्या अंगावर वाईट किंवा कंटाळवाणी गोष्ट लिहिली जाते. ‘मी’, ‘रटाळ काम’, ‘क्रिकेटचा सामना’ अशी पाटी दिवसाला दहा येतात आणि विझून जातात. रटाळ कामाकडे पाठ फिरवली तर कुणाचं काय बिघडलं? पण चित्रात त्या मुलीचा हात धरलेला आहे. तिच्या चेहऱ्यावरचा राग न्याय्य आहे. म्हणून तिथे अशीच गोष्ट हवी, जिच्याशी तरुण स्वखुशीने बांधलेला आहे आणि जिच्याकडे त्याने पाहायलाच हवं होतं. मुंबईकरांसाठी हे घ्या :

तरुण : अंधेरीचा प्रवासी. प्रेयसी : बसायला जागा मिळालेली स्लो. लाल कपड्यांतली : समोरच्या फलाटावर आलेली फास्ट.

मिळालेली जागा ही मुंबईत केवढी निष्ठेने जपायची गोष्ट आहे, हे ज्याला माहीत आहे त्यालाच त्या उघड्या तोंडाचा अर्थ कळतो.

चौथी गोष्ट लाल कपड्यांतल्या मुलीची. ती काहीच करत नाही. तिला मागे काय चाललं आहे याचा पत्ताही नाही. तिच्यावर ‘फसवी योजना’ किंवा ‘आमिष’ असं लिहिलं की रूपक मोडतं, कारण आमिष कुणीतरी टाकलेलं असतं. फास्ट लोकल कुणाला भुलवायला येत नाही. तिची वेळ झालेली असते. वळलेली मान ही सर्वस्वी ज्याची त्याची जबाबदारी, हे या चित्राचं नीतिशास्त्र आहे आणि चांगली पाटी ते पाळते.

आणि पाचवी. तरुणाच्या चेहऱ्यावर क्रौर्य नाही, भाबडा अचंबा आहे. म्हणून या जागी छोटे दोष शोभतात, मोठे गुन्हे शोभत नाहीत. ‘संशोधक’, ‘लेखाचा विषय’ आणि ‘सापडलेली तळटीप’ ही माझ्या धंद्याची पाटी. ‘लाचखोर अधिकारी’, ‘जनता’ आणि ‘पाकीट’ असं लिहिलं तर त्या भाबड्या चेहऱ्याला ते पेलत नाही. वाचणारा मान डोलावतो, हसत नाही.

‘मी’ची तीन घरं

आता मुख्य मुद्दा. वरच्या उदाहरणांत बहुतेक वेळा ‘मी’ तरुणाच्या जागी आहे. हे सहज घडलेलं नाही. त्या जागी स्वतःला ठेवलं की पाटी कबुलीजबाब होते. लिहिणारा म्हणतो, ढळलेला मी आहे, चूक माझी आहे, समोरचीचा राग बरोबर आहे. आपल्या दोषावर आपणच बोट ठेवल्यामुळे वाचणाऱ्याला मोकळेपणाने हसता येतं, आणि हसता हसता तो स्वतःच्याही तीन करंज्या मोजतो. दिवाळी अंकांच्या वाचकांना हा अनुभव नवा नाही. मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’मधली खिडकी-चित्रं आठवा. खिडकीतून जे दिसतं त्याने मन भलतीकडे जातं, आणि पान उलटलं की आत सगळं सोवळं असतं. तिथे मान वळवणारा चित्रात नसतो, अंक हातात घेऊन बसलेला असतो.

‘मी’ प्रेयसीच्या जागी गेला की तक्रार सुरू होते. आमच्या घरच्या गटावर एकदा शहरात नोकरी करणाऱ्या पुतण्याने पाटी टाकली. तरुणावर ‘मी’, प्रेयसीवर ‘मेसचा डबा’, लाल कपड्यांवर ‘आईच्या हातची भाकरी’. सगळ्यांनी हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. संध्याकाळी वहिनींनी तेच चित्र परत पाठवलं. तरुणावर ‘चार दिवस घरी आलेला मुलगा’, लाल कपड्यांवर ‘फोन’ आणि उजवीकडे, उघड्या तोंडाच्या मुलीवर, ‘मी आणि गरम भाकरी’. चित्र तेच, भाकरीही तीच. पण गटावर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग पुतण्याचा फोन आला आणि तो बराच वेळ चालला, असं वहिनींनी नंतर सांगितलं. ‘मी’ एका घरातून दुसऱ्या घरात गेला, एवढाच फरक.

लाल कपड्यांत ‘मी’ क्वचित येतो. आला तर बढाई होते, किंवा ‘माझा काय दोष’ अशी साळसूद साक्ष. आणि तिन्ही जागी ‘मी’ नसेल तर टीका होते. तरुण पिढी, भांडवलशाही आणि समाजवाद यांची पाटी या जातीची. लिहिणारा रस्त्याच्या पलीकडे उभा राहून तिघांकडे बोट दाखवतो. ही जात वाईट नाही. आपली सगळी राजकीय व्यंगचित्रं तीच आहेत. पण तिथे लिहिणाऱ्याला काही मोजावं लागत नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकार सांगितले आहेत. स्वतः हसतो तो आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो तो परस्थ. माझा भेद हसणाऱ्याचा नाही, हसं कुणाचं होतं याचा आहे, त्यामुळे दोन्ही एकच असा दावा मी करत नाही. पण हास्याची वर्गवारी करताना पहिला प्रश्न ‘कोण’ हा विचारावा, ही दृष्टी मला तिथूनच मिळाली.

स्वीडनमधला निवाडा

‘मी’ऐवजी ‘तुम्ही’ आलं तर काय होतं, याचं एक नोंदलेलं प्रकरण आहे. २०१८ साली स्वीडनमधल्या बानहोफ या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने नोकरभरतीसाठी हेच चित्र फेसबुकवर वापरलं. तरुणावर ‘तुम्ही’, प्रेयसीवर ‘तुमची सध्याची नोकरी’, लाल कपड्यांवर ‘बानहोफ’. तक्रारी झाल्या. स्वीडनमधल्या जाहिरातींच्या लोकपालाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती जाहिरात लिंगभेदी ठरवली. जाहिरातीत स्त्रिया अदलाबदल करता येणाऱ्या वस्तूंसारख्या दाखवल्या आहेत आणि पुरुषाविषयीही हीन समजूत पसरवली आहे, असं त्यांचं म्हणणं. कंपनीने उत्तर दिलं, की आम्हाला शिक्षा करायचीच असेल तर जुनं, शिळं मीम वापरल्याबद्दल करा. या लोकपालाला दंड करण्याचा अधिकार नाही, त्यामुळे प्रकरण तिथेच संपलं.

उत्तर हजरजबाबी होतं, पण मला निवाड्यातलं मर्म महत्त्वाचं वाटतं. कबुलीच्या पाटीत तरुण दोषी असतो. बानहोफच्या पाटीत तो दोषी नाही. त्याला शाबासकी आहे. मान वळवा, तेच शहाणपण आहे, असं जाहिरात म्हणते. त्याबरोबर प्रेयसीचा राग गैरलागू ठरतो आणि तिचा चेहरा नुसता जुन्या नोकरीचा कंटाळवाणा चेहरा होतो. एकीचा हात सोडून दुसरीकडे जाणं ही बढती ठरते. चित्रातल्या दोघी वस्तू होण्याचा धोका मुळातच होता. ‘तुम्ही’ने तो खरा केला.

बाईच्या दोन बाजू, मध्ये पुरुष ही रचना जुनी आहे. २०१८ मध्येच लोकांच्या लक्षात आलं, की जोशुआ रेनॉल्ड्स यांनी १७६० च्या सुमारास काढलेल्या चित्रात नट डेव्हिड गॅरिक असाच दोघींच्या मध्ये आहे. डावीकडे सुखात्मिका, उजवीकडे शोकात्मिका. गॅरिक ओढला जातो सुखात्मिकेकडे आणि शोकात्मिकेपुढे ओशाळं हसतो. आपल्याकडे तर ‘दोन बायका आणि फजिती ऐका’ ही म्हणच आहे. पण आपल्या लोकपरंपरेत एक गोष्ट या छायाचित्राहून सरस आहे. खंडोबाच्या गाण्यांतल्या म्हाळसा आणि बानू गप्प उभ्या नसतात. त्या भांडतात, टोमणे मारतात, देवाला जाब विचारतात. ऐकायची ती फजिती देवाची असते. छायाचित्रातल्या दोघींना मात्र आवाज नाही. असेल तेवढा पाटी लिहिणारा देईल तो. वहिनींनी प्रेयसीला आवाज दिला, म्हणून तिची पाटी बोलली.

पाण्याच्या पाट्या

मी लातूरचा. आमच्याकडे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. त्यामुळे या साच्यावर पाण्याचे प्रयोग करून पाहणं मला चुकलं नाही. तीन पाट्या देतो. चित्रातली मान तेवढीच वळलेली आहे. दोष कसा सरकतो ते पाहा.

पहिली. तरुण : पाऊस. प्रेयसी : मराठवाडा. लाल कपड्यांतली : कोकण.

ही पाटी चटकन जमते आणि आमच्या भागात हमखास हसवते. त्या उघड्या तोंडात आम्हाला आमचा जून महिना दिसतो. पण यात ‘मी’ प्रेयसीच्या जागी लपलेला आहे, म्हणजे ही तक्रार आहे, आणि तक्रार अशाकडे जो कधी बांधलेलाच नव्हता. सह्याद्रीच्या अलीकडे पर्जन्यछाया आहे. पावसाने आमचा हात कधी धरला नव्हता. तिसऱ्या नियमात पाटी नापास.

दुसरी. तरुण : धरणातलं पाणी. प्रेयसी : हंडा. लाल कपड्यांतली : ऊस.

ही बोचते. हंड्याचा हात धरलेला होता. पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला असं आपणच म्हणत आलो. इथे ‘मी’ कुठेच नाही, म्हणून ही टीका आहे. पण तरुणाच्या जागी पुन्हा पाणी. पाणी मान वळवत नाही. कुणीतरी दार उघडून ते वळवतं. दोष ज्याचा त्याला चित्राबाहेर ठेवून पाटी मोकळी होते.

तिसरी. तरुण : आम्ही. प्रेयसी : गावचा आड. लाल कपड्यांतली : सहाशे फुटांची बोअर.

ही पाटी मी पाच-सहा जणांना दाखवली. पहिलीला जे खदखदून हसले होते, ते हिच्यावर आधी हसले, मग गप्प झाले आणि मग बोलू लागले. आडात शेवटचा गाळ कधी काढला, आडावर आता काय टाकतात, कुणाच्या रानात किती बोअर कोरड्या गेल्या, सगळं निघालं. पहिल्या पाटीनंतर बोलायला काही उरलं नव्हतं. पाऊस येत नाही, संपलं. तिसरीनंतर बोलणं सुरू झालं, कारण ‘आम्ही’ मान वळवलेल्याच्या जागी होतो, आणि वळलेली मान सरळ करता येते.

पाटी लिहायला कुणाला बसायचं असेल, तर माझा सल्ला लाल कपड्यांपासून सुरुवात न करण्याचा आहे. मोह सगळ्यांनाच सुचतो. आधी उजवीकडे पाहावं. हात कुणाचा धरला आहे, तिचा राग खरा आहे का, हे ठरवावं. मग मधल्या जागेवर कुणाचं नाव घालायचं ते आपोआप समजतं, आणि बहुतेक वेळा ते लिहायला हात थोडा जड होतो. तो जड झाला की पाटी जमते आहे असं खुशाल समजावं.